आर्थिक बातमी वाचताना पहिला प्रश्न: निर्णय कुठवर आलाय?

३१ मार्च २०२१ रोजी अर्थ मंत्रालयाने अल्पबचत योजनांचे व्याजदर उतरवणारा आदेश काढला. पीपीएफचा दर ७.१ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येणार होता, पोस्टाच्या बचत खात्याचा ४ वरून ३.५ वर. बातमी खरी होती, आदेशही खरा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी सांगितलं की आदेश नजरचुकीने निघाला आणि तो मागे घेतला जाईल. पीपीएफचा दर होता तिथेच राहिला.

इतकी झटपट माघार विरळाच. तरीही आर्थिक बातम्या नव्याने वाचू लागलेल्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. नवख्या वाचकाला वाटतं, आपली अडचण राजकोषीय तूट, रेपो, बेसिस पॉइंट या शब्दांची आहे. ते शब्द महिन्याभरात अंगवळणी पडतात. खरी अडचण अशी की 'सरकारचा मोठा निर्णय' या एकाच मथळ्याखाली कधी नुसता विचार असतो, कधी शिफारस, कधी मंजूर होऊन वर्षानुवर्षं पडून राहिलेला कायदा, तर कधी उद्या सकाळपासून लागू होणारा नियम. निर्णय चांगला की वाईट हे ठरवण्याची घाई नको. आधी तो कुठवर आलाय ते पाहायचं.

पहिली पायरी: मथळ्यातलं क्रियापद पाहा

बातमी हातात आली की नामं सोडून क्रियापद वाचायची सवय लावून घ्या. 'विचाराधीन', 'प्रस्तावित', 'शिफारस केली', 'मंत्रिमंडळाची मंजुरी', 'संसदेत मंजूर', 'अधिसूचित', 'लागू'. ढोबळमानाने हाच निर्णयाचा प्रवास असतो, आणि यातल्या कुठल्याही मुक्कामावर गाडी थांबू शकते.

कामगार संहितांचं उदाहरण घ्या. वेतन संहिता संसदेने २०१९ मध्ये मंजूर केली, उरलेल्या तीन सप्टेंबर २०२० मध्ये. तेव्हापासून दरवर्षी 'तुमचा हातात येणारा पगार कमी होणार' अशा बातम्या येत राहिल्या. प्रत्यक्षात चारही संहिता लागू झाल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. म्हणजे कायदा होता, राष्ट्रपतींची सही होती, नव्हती ती फक्त 'अमुक तारखेपासून अंमल' सांगणारी अधिसूचना. अनेक कायद्यांच्या पहिल्याच कलमात लिहिलेलं असतं की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठरवील त्या दिवशी हा कायदा अंमलात येईल. ते एक वाक्य वाचलं की पुष्कळ बातम्यांची हवा निघते.

उलट प्रकारही होतो. प्रस्ताव वाटेतच बदलतो. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेच्या काही भागावर कर लावण्याचा प्रस्ताव होता. नोकरदारांनी ओरड केली आणि ८ मार्चला तो मागे घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये स्थावर मालमत्तेच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणताना महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय, म्हणजे इंडेक्सेशन, काढून टाकली होती. वित्त विधेयक ऑगस्टमध्ये लोकसभेत मंजूर होईपर्यंत त्यात दुरुस्ती आली: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनी-घरांसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुनी २० टक्क्यांची पद्धत की नवी १२.५ टक्क्यांची, यातली कमी कराची पद्धत घेता येईल. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र जपून ठेवून त्यावर घरविक्रीचा हिशेब करणारा इथे फसला असता.

आठव्या वेतन आयोगाचं तर विचारूच नका. केंद्रीय मंत्रिमंडळाने आयोग नेमायला १६ जानेवारी २०२५ रोजी मान्यता दिली. आयोगाने नेमकं काय पाहायचं, ती कार्यकक्षा मंजूर झाली २८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. मधल्या नऊ महिन्यांत 'फिटमेंट फॅक्टर' (जुना मूळ पगार ज्याने गुणून नवा ठरवतात तो आकडा) इतका आणि किमान पगार तितका, असे तक्ते रोज फिरत होते. कार्यकक्षाच ठरलेली नसताना पगाराचे तक्ते कुठून आले? कुणीतरी मागच्या आयोगाचा आकडा घेऊन गुणाकार केला होता, एवढंच. गुणाकार करायला हरकत नाही, पण त्याला बातमी म्हणू नये.

जीएसटीत हा प्रवास अगदी स्वच्छ दिसतो. जीएसटी परिषद ही केंद्र आणि राज्यांची घटनात्मक संस्था आहे (घटनेचं कलम २७९-अ). मतांत केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. परिषद करते ती शिफारस. ३ सप्टेंबर २०२५ च्या ५६व्या बैठकीत १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे काढून ५ आणि १८ हे मुख्य दर आणि मोजक्या वस्तूंवर ४० टक्के ठेवायचं ठरलं. अधिसूचना निघाल्या १७ सप्टेंबरला, बहुतेक दर लागू झाले २२ सप्टेंबरला. ३ तारखेला बातमी वाचून ५ तारखेला दुकानात 'जुना दर का लावला?' म्हणून भांडणारा ग्राहक चुकत होता. ज्याने खरेदी तीन आठवडे पुढे ढकलली, त्याला बातमी कळली होती.

दुसरी पायरी: मूळ कागद शोधा

हे वाटतं तितकं अवघड नाही. केंद्राच्या निर्णयाचं प्रसिद्धिपत्रक पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, काढतं. अधिसूचना ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर मिळते. व्याजदरासाठी रिझर्व्ह बँकेचं संकेतस्थळ, आयात-निर्यातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालय. प्रसिद्धिपत्रक आणि अधिसूचना यांत फरक करा: पहिलं समजावून सांगतं आणि सहसा गोड बोलतं, दुसरी बांधून ठेवते. वाद झाला तर अधिसूचनेतले शब्द चालतात.

महाराष्ट्र सरकारच्या निर्णयांसाठी शासन निर्णय, आपल्या बोलीत जीआर. तो वाचायला शिकणं ही एक उपयोगी कला आहे आणि शाळेत ती कुणी शिकवत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. वर विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. त्याखाली 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून आधीच्या जीआरची यादी. नवे वाचक ती ओलांडून जातात, पण खरी गोष्ट तिथेच असते, कारण हा निर्णय कोणत्या जुन्या निर्णयात बदल करतो ते तिथून कळतं. मग 'प्रस्तावना', तीत पार्श्वभूमी. त्यानंतर 'शासन निर्णय' हे शीर्षक येतं. त्याच्या खालचं तेवढंच बंधनकारक. शेवटी खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा ते लिहिलेलं असतं, आणि अगदी तळाशी संकेतांक व डिजिटल स्वाक्षरीचा उल्लेख. व्हॉट्सॲपवर जीआरचा फोटो आला तर त्यातला संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून शोधावा. सापडला तर दिनांक जुळवावा, कारण खरा पण तीन वर्षं जुना जीआर नव्यासारखा फिरवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे.

एक जीआर वाचून मात्र थांबू नये. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा मूळ निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वयाची वरची मर्यादा ६० वर्षं होती, पाच एकरांहून जास्त शेती असलेली कुटुंबं अपात्र होती आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती. आठवड्याभरातच बदल झाले: वय ६५ पर्यंत, जमिनीची अट रद्द, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. पहिला जीआर वाचून 'आपण बसत नाही' म्हणून गप्प राहिलेल्या ६२ वर्षांच्या बाईचं नुकसान झालं असतं. म्हणून शुद्धिपत्रक आणि सुधारित निर्णय निघालाय का, हे पाहण्याचं काम मूळ निर्णय वाचण्याइतकंच मोठं आहे.

कागद हातात आल्यावर तीन गोष्टी शोधा: कधीपासून, कुणाला, आणि कुणाला नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. विम्यावरचा जीएसटी शून्य झाला ही बातमी वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा पॉलिसींची होती. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या गट विम्याला ती सवलत नव्हती. मथळ्यात 'वैयक्तिक' हा शब्द बसला नाही, की सुटला.

तिसरी पायरी: आकडा कशाच्या तुलनेत, ते विचारा

एकटा आकडा काहीच सांगत नाही. 'महागाई घटली' हे वाक्य घ्या. महागाईचा दर घटतो म्हणजे भाव उतरतात असं नाही, भाव वाढण्याचा वेग कमी होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के नोंदला गेला, २०१२ आधारवर्षाच्या मालिकेतला नीचांक. त्याआधीच्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२४ मध्ये, तोच दर ६.२१ टक्के होता. आता हिशेब करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जी टोपली १०० रुपयांना येत होती ती वर्षाने १०६ रुपये २१ पैसे झाली आणि आणखी वर्षाने साधारण १०६ रुपये ४८ पैसे. वरचे सहा रुपये गेलेच नाहीत, टोपली महागच राहिली. 'महागाई शून्याजवळ' म्हणणारं सरकारही खरं बोलत होतं आणि 'कुठे काय स्वस्त झालंय?' म्हणणारी गृहिणीही.

शिवाय ही टोपली सरासरी आहे. त्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. भाज्या-डाळी उतरल्या की दर धाडकन खाली येतो, मग शाळेची फी आणि डॉक्टरचं बिल चढत असलं तरी. तुमच्या घरखर्चात किराणा-भाजीपाल्याचा वाटा यापेक्षा कमी असेल तर सरकारी आकडा आणि तुमचा अनुभव जुळणार नाही. दोघांपैकी कुणीही खोटं नाही.

मागच्या वर्षीचा आकडा फार खाली किंवा फार वर असला की यंदाचा आकडा फसवा दिसतो. याला बेस इफेक्ट म्हणतात, आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण टाळेबंदीचं. एप्रिल-जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन (जीडीपी) जवळपास एक चतुर्थांशाने आक्रसलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत वाढ किती? २०.१ टक्के! विक्रमी, म्हणून मथळे झळकले. त्या वेळच्या आकडेवारीत स्थिर किमतींनुसार २०१९ ची ती तिमाही होती ३५.६६ लाख कोटींची, २०२० ची २६.९५ लाख कोटींची आणि २०२१ ची ३२.३८ लाख कोटींची. म्हणजे विक्रमी वाढीनंतरही अर्थव्यवस्था दोन वर्षांपूर्वीच्या मागेच होती. टक्का वाचला की शेजारी मूळ रक्कम मागायची, ती दिलेली नसेल तर स्वतः शोधायची.

जीडीपीचा आकडा एकदा जाहीर झाला की संपलं, असंही नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय जानेवारीच्या सुरुवातीला वर्षाचा पहिला आगाऊ अंदाज देतं, फेब्रुवारीअखेर दुसरा, मेअखेर तात्पुरता, आणि पुढची दोन-तीन वर्षं सुधारणा चालूच राहतात. त्यामुळे ०.१ टक्क्याने हुकलेल्या किंवा गाठलेल्या लक्ष्यावर रात्रीच्या चर्चेत जी आरडाओरड होते ती मी तरी बंद करतो.

टक्का आणि टक्केवारीचा अंक यांची गल्लत मात्र सर्रास होते. कर ५ वरून १८ वर गेला तर तो १३ अंकांनी वाढला, '१३ टक्क्यांनी' नव्हे. टक्क्यात सांगायचं तर तो २६० टक्क्यांनी वाढला. एका अंकाचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट, आणि २५ बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्का.

बेरोजगारीच्या दराबद्दल एवढंच ध्यानात ठेवा की तो काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्यांच्या संख्येवर काढतात. जो शोधून शोधून थकला आणि शोधणं सोडून बसला, तो मोजणीतून बाहेर पडतो. म्हणून दर घटला की श्रमशक्तीतला सहभाग किती, हा आकडाही त्याच पानावर पाहावा.

चौथी पायरी: रेपो दर तुमच्या हप्त्यापर्यंत कसा येतो

रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो रेपो दर. तो ठरवणारी पतधोरण समिती सहा जणांची: तीन रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारने नेमलेले. मतं समसमान झाली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. समितीचं पहिलं काम महागाई ४ टक्क्यांजवळ, २ ते ६ च्या पट्ट्यात ठेवणं. सलग तीन तिमाही सरासरी महागाई या पट्ट्याबाहेर गेली तर बँकेला सरकारला कारणं कळवावी लागतात, आणि २०२२ मध्ये तसं घडलं. म्हणून दरकपातीची बातमी वाचताना महागाईची बातमी तिच्या मागे उभी आहे हे विसरू नका.

२०२५ मध्ये रेपो फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार वेळा उतरला, ६.५० वरून ५.२५ पर्यंत. मग प्रत्येक कर्जदाराचा व्याजदर सव्वा टक्क्याने उतरला का? तुमचं कर्ज कशाला बांधलंय यावर ते अवलंबून. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं बाह्य मानकाला, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या हातात नसलेल्या दराला, जोडलेली असतात, बहुधा रेपोलाच, आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावाच लागतो. त्याआधीची एमसीएलआर (बँकेला निधी उभारायला येणाऱ्या खर्चावरून ती स्वतः ठरवते तो दर) किंवा त्याहून जुन्या बेस रेटवरची कर्जं सावकाश हलतात. गृहवित्त कंपन्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मानकावर चालतो. मंजुरीपत्र काढून त्यात 'मानक दर' आणि 'स्प्रेड' (मानक दरावर बँक जोडते तो वाढीव दर) हे दोन शब्द शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता हिशेब. ३० लाख रुपये, २० वर्षं, ८.५० टक्के: हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. दर पाव टक्क्याने उतरला तर सुमारे २५,५६२. महिन्याला ४७० रुपयांचा फरक. 'कर्जदारांना मोठा दिलासा' या मथळ्यापुढे ही रक्कम किरकोळ वाटेल. पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तर कर्ज दहा-अकरा महिने आधी फिटतं, आणि तो फायदा मोठा आहे. पुष्कळ बँका आपणहून मुदतच बदलतात, मग लोक म्हणतात हप्ता काही कमी झाला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार व्याजदर बदलताना हप्ता बदलायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. मागितल्याशिवाय तो कुणी आणून देईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि हो, ज्याची ठेव आहे त्याच्यासाठी हीच बातमी वाईट आहे. निवृत्तीनंतर मुदत ठेवींच्या व्याजावर घर चालवणाऱ्याला 'दिलासा' शब्द वाचून काय वाटत असेल?

पाचवी पायरी: अर्थसंकल्पाचे दोन सापळे

पहिला सापळा कराचा. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर '१२ लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य पाठ झालं. त्यावरून अनेकांनी समजून घेतलं की १३ लाख करपात्र उत्पन्न असेल तर वरच्या एका लाखावरच कर. तसं नाही. नव्या करप्रणालीत करमुक्त टप्पा ४ लाखांचाच आहे. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के. १२ लाखांवर होणारा ६० हजारांचा कर सवलत म्हणून माफ होतो. १२ लाखांच्या किंचित वर गेलात तर जास्तीच्या उत्पन्नाहून अधिक कर लागत नाही, अशी एक सोय आहे. पण १३ लाखांवर कर होतो ७५ हजार, त्यावर ४ टक्के उपकर धरून ७८ हजार. शेअरवरच्या भांडवली नफ्यासारखं विशेष दराचं उत्पन्न या सवलतीत येत नाही, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्याचा तर १२ लाखांशी संबंधच नाही. मथळा चार शब्दांचा, अटी पाच.

दुसरा सापळा तरतुदीचा. दर योजनेपुढे तीन प्रकारचे आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज म्हणजे ठरवलेलं, सुधारित अंदाज म्हणजे वर्ष संपत आल्यावर दिसणारं, आणि प्रत्यक्ष म्हणजे खरोखर खर्चलेलं. जलजीवन मिशनसाठी २०२४-२५ ला सुमारे ७०,१६३ कोटी ठरले, सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले आणि २०२५-२६ साठी पुन्हा ६७,००० कोटी ठेवले गेले. आता याची बातमी कशी होईल? एक पत्रकार लिहील 'तरतूद जवळपास तिप्पट', दुसरा लिहील 'तरतुदीत कपात'. दोघांकडे आकडे आहेत, दोघेही बरोबर. तुलना कोणत्या आकड्याशी केली ते बातमीत सांगितलं नसेल तर तिच्यावरून मत बनवू नका. योजनेची खरी तब्येत मला विचाराल तर तिसऱ्या आकड्यात दिसते, आणि तो दोन वर्षांनी येतो, तेव्हा कुणी पाहत नाही.

सहावी पायरी: कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात

शहरात वाचली जाणारी आणि गावात वाचली जाणारी तीच बातमी वेगळी असते. कांद्याइतकं हे दुसरीकडे कुठे दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबर २०२३ पासून थेट बंदी. ४ मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणूक चालू असताना, 'कांदा निर्यातबंदी उठली' ही बातमी आली. उठली हे खरंच. पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि त्यावर ४० टक्के शुल्क लावलेलं होतं. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०. परदेशातल्या खरेदीदाराला वाहतूक वगळूनच टन किमान ७७० डॉलरला पडणार. बंदी उठली होती, दार मात्र किलकिलंच होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. तेही गेलं १ एप्रिल २०२५ पासून.

यात दोन विभागांचे दोन कागद आहेत हे लक्षात घ्या. बंदी आणि किमान निर्यातमूल्य हे विदेश व्यापार महासंचालनालयाचं काम, शुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचं. एकच कागद वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते. लासलगावच्या बाजार समितीत बोली लावणारा व्यापारी दोन्ही वाचून येतो. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यानेही ते वाचावेत, असं मला फार वाटतं.

उसाच्या एफआरपीची, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या किमान दराची, बातमीही अशीच उलगडावी लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने क्विंटलला ३५५ रुपये जाहीर केले, म्हणजे टनाला ३,५५०. हा दर १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, आहे. उतारा ०.१ ने वाढला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त, घटला की तेवढेच कमी, मात्र ९.५ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी ३२९ रुपये ५ पैशांहून कमी नाही. ११.२५ उतारा असलेल्या कारखान्याची एफआरपी टनाला ३,८९६ रुपये होते. पण एफआरपी कारखान्याच्या दारातली आहे, त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होते. ही वजावट कारखान्यागणिक वेगळी असते, आणि शेजारच्या दोन गावांतले शेतकरी एकाच एफआरपीच्या बातमीवर वेगवेगळे आकडे का सांगतात याचं उत्तर तिथे आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला आहे. तो पाळला जातो की नाही, ही दर हंगामातली वेगळी बातमी.

हमीभावाचं एका वाक्यात: सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे याचा अर्थ सरकारी खरेदी केंद्र उघडलं आणि तुमचा माल तिथल्या ओलाव्याच्या अटीत बसला, तर हा भाव. व्यापाऱ्याने तोच द्यावा असं त्या घोषणेत कुठेही नाही.

प्रत्येक धोरणाच्या बातमीत म्हणून पाहावं, सवलतीचा पैसा कुणाच्या ताटातून आला. शहरातला कांदा स्वस्त ठेवायचा तर उत्पादकाचा भाव दाबला जातो. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये काही महिन्यांसाठी उठवलं तेव्हा सूतगिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उत्पादकाला स्पर्धा. बातमीत एकाच बाजूची प्रतिक्रिया असेल तर दुसरी बाजू कोण, हे स्वतःला विचारायचं.

तारखा भिंतीवर लिहून ठेवा

महिन्याच्या १ तारखेच्या आसपास जीएसटी संकलन येतं. मार्चअखेरच्या उलाढालीचा कर एप्रिलमध्ये भरला जातो म्हणून एप्रिलचा आकडा बहुधा सगळ्यात मोठा असतो (एप्रिल २०२५ मध्ये २.३७ लाख कोटी), त्याची तुलना मे महिन्याशी करू नये. १२ तारखेला किरकोळ महागाई, २८ ला औद्योगिक उत्पादन. जीडीपी फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या अखेरीस. पतधोरण साधारण दर दोन महिन्यांनी, आणि बैठकीचं इतिवृत्त १४ दिवसांनी. त्यात कोणत्या सदस्याने कुठे मत दिलं आणि का, ते सोप्या इंग्रजीत असतं. अल्पबचतीचे दर प्रत्येक तिमाहीच्या शेवटच्या दिवसांत जाहीर होतात. केंद्राचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला, राज्याचा सहसा मार्चमध्ये.

सुरुवात करणाऱ्याने हे सगळं एकदम धरू नये. गृहकर्ज असेल तर फक्त पतधोरण आणि महागाई. शेती असेल तर हमीभाव आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना. दुकान असेल तर जीएसटी परिषद. वही घ्या, त्यात बातमीची तारीख, निर्णयाचा टप्पा आणि 'लागू कधीपासून' असे तीन रकाने आखा. तिसरा रकाना रिकामा असेपर्यंत पैशाचा कुठलाही व्यवहार त्या बातमीवर करू नका.